पडताळणीचा फोन

गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकता ठोकता डेंटरचे कान कामातून गेले, तेव्हा बायकोला आधी बरंच वाटलं होतं. भांडणात शेवटचा शब्द तिचाच राहू लागला. पण एकदा मागे येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू न आल्याने तो चाकाखाली जाता जाता वाचला, आणि मालकाने बजावलं, की कानांचं काहीतरी कर, नाहीतर घरी बस.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मशीन लिहून दिलं. गरिबांच्या विमा योजनेत ते फुकट मिळणार होतं. फक्त कचेरीतून पडताळणीचा फोन येणार होता, आणि तो रुग्णाने स्वतःच घ्यायचा होता.

फोन आला. खिशातली थरथर डेंटरला कळली. तो बराच वेळ 'हॅलो, हॅलो' करत राहिला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला: रुग्ण प्रतिसाद देत नाही, प्रकरण बंद.

बायकोने दवाखान्याच्या खिडकीवर हातापाया पडून प्रकरण पुन्हा उघडून घेतलं. या वेळी तिने आपल्या भावालाच घरी बसवून ठेवलं. मेव्हणा बोलण्यात पटाईत. डेंटर बनून त्याने जन्मतारखेपासून सगळी उत्तरं घडाघडा दिली. वर पलीकडच्या बाईला सर्दी झालीय हे नुसत्या आवाजावरून ओळखून वाफ घ्यायला सांगितलं.

निरोप लगेच आला: रुग्णास उत्तम ऐकू येते. मशीनची गरज नाही.

"अरे, जरा अडखळता येत नव्हतं तुला?"

"ताई, नीट उत्तरं दे असं तूच म्हणालीस."

खिडकीवरच्या कारकुनाने हात झटकले. आता तक्रार हेल्पलाइनवर करा, म्हणाला, आणि ऐकू येत नाही हे रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं.

बायकोने हे सगळं हातवारे करून नवऱ्याला समजावलं. तिथल्याच बाकावर मेव्हण्याने नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. डेंटरने घसा खाकरला आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात सुरुवात केली. हातोडा, पत्रा, हॉर्न, मालक, धाकटीची शाळा. मध्ये तो कुठे थांबला नाही. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती.

बायकोने वाकून फोनला कान लावला. पलीकडे बासरीची धून वाजत होती, आणि रेकॉर्ड केलेली एक बाई मधूनमधून सांगत होती, की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. ती सरळ झाली आणि तिने त्याला बोलू दिलं.

डेंटरने शेवटी नमस्कार सांगितला, फोन बंद केला, डोळे पुसले.

"चांगला माणूस होता कुणीतरी," तो म्हणाला. "सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही."