झाडाची जागा

मुलांनो, सरळ बसा. मधे प्रश्न विचारायचे नाहीत.

एका जंगलात, अमेरिकेतल्या, बीव्हर राहत असत. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचा, पाण्यात राहणारा प्राणी. तो दातांनी कुरतडून झाड पाडतो आणि नदीला बांध घालतो. शाळेत गेलेला नसतो, म्हणून बांध टिकतो.

झाड पाडताना ते गाणं म्हणत. म्हणजे त्यांच्यातली हेस्टरआजी म्हणायची. बाकीच्यांच्या तोंडात लाकूड असे. ओळ चालू असेपर्यंत सगळ्यांनी कुरतडायचं. ओळ संपली की आजी थांबायची. दातही थांबायचे. सगळे कान लावायचे. झाड कडाडलं तर पळायचं, नाही कडाडलं तर पुढची ओळ.

या गाण्यावर आजीच्या चार पिढ्या जगल्या.

एकदा शहरातून दोन वादक आले. सायलस नावाचा रॅकून बँजो, म्हणजे लांब दांडीचं तंतुवाद्य, वाजवायचा. रॅकून म्हणजे मांजराहून जरा मोठा प्राणी. त्याच्या डोळ्यांभोवती चोरासारखा काळा पट्टा होता, पण तो जन्माचाच. सोबत एक बगळा होता, फिडलवाला. फिडल म्हणजे गावाकडचं व्हायोलिन.

गाणं ऐकून रॅकूनने डोळे पुसले.

"आजी, अस्सल आहे. शब्द तेवढे काढू."

"का रे?"

"शब्दांना अर्थ असतो. त्याने सूर दबतो. आणि ओळीनंतर हे रिकामं आहे ना, तिथे मी एक सुंदर जागा घेईन."

"ती जागा झाडाची आहे."

"झाड गातं?"

"एकदाच गातं."

रॅकूनने हे वहीत लिहून घेतलं. झाडाचं काय, ते विचारलं नाही.

शहरात त्यांचं वादन गाजलं. जुन्या गाण्याला नवा श्वास दिला, असं वर्तमानपत्रातल्या समीक्षक घुबडांनी लिहिलं. मूळचा श्वास काढून टाकला होता, हे लिहायला कागद पुरला नसावा.

मग त्यांना वाटलं, हे मातीत जाऊन वाजवावं. बांधावर खुर्च्या मांडल्या. खरे बीव्हर खरं झाड पाडणार आणि हे वाजवणार. आजीचा मुलगा ओटिस पुढे होता.

"आई, आज तू बस. आज मोठी माणसं वाजवतायत."

"थांबणार आहेत का ते मधे?"

"नाही गं. थांबलं की रटाळ होतं म्हणे."

"मग तू थांब."

"लोकांसमोर? बरं दिसेल का ते?"

वादन सुरू झालं. ओळ संपली की बँजो, बँजो संपला की फिडल. दात थांबेनात. झाड कडाडलं तेव्हा रॅकून सर्वांत सुंदर जागा घेत होता. श्रोत्यांना वाटलं, ढोल आहे.

बाकीचे तिघे बीव्हर पळाले. ओटिस झाडाखाली सापडला.

श्रोते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

आजी ओंडक्यापाशी गेली आणि गाऊ लागली. तिघे परत आले, ओंडका कुरतडू लागले. ओळ संपली. सगळे थांबले. आता झाड ऐकायचं नव्हतं, ओटिसचा श्वास ऐकायचा होता.

त्या शांततेत रॅकूनने हळूच तार छेडली.

"अरे, ऐकू येत नाही," आजी म्हणाली.

"साथ करतोय, आजी. तुम्ही चालू ठेवा."

दुसऱ्या ओळीनंतरही त्याने तार छेडली. आजी उठली. तिने बँजोची दांडी दोन घासांत तोडली आणि जागेवर येऊन बसली.

मग ओटिसचं कण्हणं ऐकू आलं. तिसऱ्या ओळीला तो बाहेर निघाला. शेपूट मात्र झाडाखालीच राहिली.

घुबडांना शेवट फार धाडसी वाटला. रॅकून हल्ली तुटक्या दांडीचा बँजो घेऊन देशोदेशी फिरतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव मोठं असतं. आजीच्या नावाच्या जागी "पारंपरिक" असं छापतात.

तात्पर्य : लोकसंगीत जगवायचं असेल, तर लोकांनी वेळेवर बाजूला व्हावं.