चुंबकाचे पाय

फैजपूरच्या तोताराम भंगाळे यांच्या टेपरेकॉर्डरला जमिनीचे हादरे बसत होते. हे त्यांना स्वतःला कधी जाणवले नव्हते. जळगावचे दुकानदार रतिलालशेठ यांनी ते लक्षात आणून दिले. केळीचे ट्रक रस्त्याने जातात, हादरा टेबलात शिरतो, टेबलातून यंत्रात आणि यंत्रातून थेट गाण्यात. उपाय म्हणजे चुंबकाचे पाय. एक चुंबक वर, एक खाली. दोघे एकमेकांना ढकलणार आणि यंत्र अधांतरी राहणार.

पाय बसले. गावच्या श्रवण मंडळाने येऊन पाहणी केली. अध्यक्ष हिलाल सरांना तबल्यात पूर्वी नसलेली खोली आढळली, त्यामुळे ती सर्वांनाच आढळली. तोतारामांच्या पत्नी बेबाबाईंना काही फरक कळला नाही. त्या मंडळाच्या सदस्य नव्हत्या.

अडचण एवढीच, की अधांतरी यंत्र जागेवर राहीना. ते सारखे बाजूला सरके. शेवटी तोतारामांनी चारही पायांना कॅसेटी घट्ट खेटून लावल्या, तेव्हा कुठे ते स्थिरावले. त्यांतली एक कॅसेट त्यांच्या आईची होती. जात्यावर बसलेल्या आईच्या ओव्या त्यांनी हौसेने भरून घेतल्या होत्या, आणि आता तिचा आवाज तेवढाच उरला होता.

आईच्या वर्षश्राद्धाला मंडळ जमले; सदस्य म्हणून तुम्हीही होता. तोतारामांनी ती कॅसेट लावली. नुसती बारीक खरखर. उलटी करून लावली, तिकडेही तेच. चुंबकाने टेप पुसली जाते हे बैठकीतल्या बहुतेकांना ठाऊक होते. पण पायांची वाहवा त्यांनीच केली असल्याने कोणी बोलले नाही. तोतारामांचा हात बटणावरच राहिला. त्यांनी सरांकडे पाहिले.

सर डोळे मिटून म्हणाले, "ही शांतता ऐका, तोतारामभाऊ. इतकी निर्मळ कधी ऐकली होती?"

माना डोलल्या. बेबाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"तुमच्या मायचा आवाज कुठी गेला?"

तोतारामांनी उपरण्याने डोळे टिपले. "आहे त्यात," ते म्हणाले. "तुला ऐकायचा सराव नाही."

बेबाबाई आत गेल्या. वड्यांची डाळ वाटता वाटता त्या सासूची ओवी म्हणू लागल्या; तोच सूर, कडव्याच्या शेवटी तसाच दम घेणे. तोताराम उठू पाहत होते. तेवढ्यात, आतल्या आवाजामुळे श्रवणात व्यत्यय येतो, असे सरांनी निदर्शनास आणले. तोताराम पुन्हा खाली बसले. मधले दार लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. दाराजवळ तुम्ही बसला होता, म्हणून कडी घालण्याचा मान तुम्हाला मिळाला.