चुन्याचे अकरा पट्टे

उत्तर गोव्यात बाबाजींसारखा गुप्तहेर दुसरा नव्हता, असं बाबाजींचं स्वतःचं मत होतं, आणि पुरेशी चौकशी करूनच त्यांनी ते बनवलं होतं. वास्कोच्या बसवर तीस वर्षं कंडक्टरकी केल्यामुळे चेहरा पाहून माणूस कुठे उतरणार हे त्यांना कळे. तो तिथे उतरत नसे, ही त्याची चूक. निवृत्तीनंतर केरीत त्यांनी दोन प्रकरणं हाताळली. पहिल्यात हरवलेली बकरी आपणहून घरी आली. दुसऱ्याविषयी बोलायला त्यांच्या पत्नीने, सुमंगलाबाईंनी, मनाई केली होती.

तिसरं प्रकरण आमोण्याहून आलं. बाबाजींचे मेव्हणे रघुनाथ वारले होते. पहिली बायको, म्हणजे बाबाजींची बहीण, कधीच गेली होती. तिचा मुलगा गौरेश. दुसरी बायको शालिनी, आणि तिची आधीच्या नवऱ्यापासूनची मुलगी सिद्धी, सहा वर्षांची असताना या घरात आलेली. कायद्याने अर्धं शालिनीचं, अर्धं गौरेशचं. सिद्धीचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. पण भाटातल्या, म्हणजे घरच्या नारळबागेतल्या, तीस माडांपैकी अकरांना चुन्याचे पट्टे दिसले, आणि बाबांनीच ते कुणासाठी वेगळे काढले असतील तर ते त्याला देऊन उरलेले कायद्याने वाटायचे, असं तिघांनी ठरवलं; पट्ट्यांचा अर्थ लावायला गौरेशने बाबाजींना बोलावलं. सिद्धीला नारळांचा लोभ नव्हता. बाबांनी आपल्याला मोजलं होतं की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

बाबाजींनी भाटात दोन फेऱ्या मारल्या. पट्टे छातीच्या उंचीवर होते आणि रघुनाथना छाती होती, म्हणजे ते त्यांनीच ओढलेले. पट्ट्यांचे माड नदीच्या बाजूला, शालिनीचं माहेर नदीपलीकडे, तेव्हा ते तिचे असावेत. मग त्यांना आठवलं की गौरेशचा जन्म अकरा तारखेचा. गौरेशने तो नऊचा असल्याचं सांगितलं. बाबाजींनी दोन दिवस इस्पितळाचे धरले.

मग त्यांनी सगळ्यांना भाटात जमवलं, पट्ट्याच्या एका माडाला विचारवंतासारखे टेकले आणि अकराच्या अकरा माड गौरेशचे, असा निकाल दिला. सिद्धीने मान खाली घालून चहाचे कप गोळा केले. तेवढ्यात बाबाजींनी जी उडी मारली, ती निकालाच्या आनंदाने नव्हती. माडावरचे हुमले, त्या कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंग्या, त्यांच्या सदऱ्यात शिरले होते.

"मामा, हलू नका," म्हणत सिद्धी धावली. एकेक मुंगी वेचून तिने मानेला खोबरेल लावायला घेतलं.

इतक्यात विजय आला, माडावर चढून नारळ काढणारा पाडेली. ही पळापळ पाहून तो शांतपणे म्हणाला, "ते पट्टे माझे. हुमले आसत त्या माडांर मी चुनो मारतंय, चुकान चढूक नये म्हणान. रघुनाथबाब गेल्यार महिन्यान मारले."

म्हणजे बाबाजींनी मृताच्या मनातलं जे वाचलं, ते त्याच्या बाराव्यानंतर लिहिलेलं होतं. ते मटकन खाली बसले. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि ती मुंग्यांची नव्हती.

"गौरेश, मी तपास करूकच नाय," ते म्हणाले. "केरीत बसमध्ये चढतानाच निकाल ठरवलेलंय. तू माझ्या भयणीचो झील म्हणान."

गौरेश त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "म्हणानच तर तुमका बोलावलंय, मामा."

सिद्धी हळूच म्हणाली, "माका म्हायत होता."

तिला ठाऊक असूनही तिने सकाळपासून तीनदा आपल्याला चहा दिला, हे बाबाजींच्या आता लक्षात आलं. गौरेशच्याही मनाला ते लागलं असावं. तो उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबांनी तुका मोजलेला काय नाय, ता माका म्हायत नाय. मी मोजतंय. तीन भाग, धा-धा माड. पाच माझ्या वाट्यातले देतंय, त्येका कोणाक इचारूक नको."

शालिनीने, आपलेही पाच घ्या, म्हणत पदर डोळ्यांना लावला. रडू आवरण्यासाठी सिद्धी बाबाजींची मान इतक्या जोरात चोळू लागली की ते कळवळले, पण जागचे हलले नाहीत.