पाचवी पाकळी

निसर्गाला शिस्त नसते, म्हणून तर शास्त्राची गरज पडते. शहराबाहेरच्या टेकडीवर एक झुडूप पूर्वापार उगवत होतं, पांढरी फुलं देत होतं, पण त्याला रीतसर अस्तित्व नव्हतं. ते वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी मिळवून दिलं. त्यांनी एक फांदी तोडली, कागदात दाबून वाळवली, संग्रहालयाच्या कपाटात ठेवली आणि वर्णन छापलं: पाकळ्या चार. अशा पहिल्या फांदीला आदर्श नमुना म्हणतात. पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक झुडपाने तिच्याशी जुळायचं असतं. (न जुळल्यास झुडपाकडून खुलासा मागवण्याची सोय अद्याप नाही.)

टेकडी सपाट करून तिथे वाहनतळ करायचं ठरलं, तेव्हा हे झुडूप दुर्मिळ व संरक्षित असल्याचं कुणाला तरी आठवलं. पाहणीला सरांची जुनी विद्यार्थिनी, आताची सहायक संशोधक, गेली. या फुलांच्या वेडापायीच ती या विषयात आली होती. भिंग घेऊन दिवसभर उन्हात फिरली. प्रत्येक फुलाला पाकळ्या पाच. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने टेकडीवरची शंभर टक्के झुडपं सदोष.

तिने कपाटातला नमुना काढून भिंगाखाली धरला. चार पाकळ्यांशेजारी पाचवी गळाल्याची खूण चांगली ठसठशीत होती. ती नमुना घेऊन सरांकडे गेली.

"सर, दाबताना एक गळली असावी."

"असेल की," सर चष्मा पुसत म्हणाले. "पण अगं, छापून चारच आलंय. इतकी वर्षं सगळे तेच शिकवतायत. आता एका पाकळीपायी सगळ्यांना तोंडघशी पाडतेस का? आणि तुझ्या बढतीची शिफारस मीच लिहितोय, बरं का."

टेकडीवरची ती पांढरी झुडपं आठवून तिला रडू आलं. डोळे पुसून तिने अहवाल लिहिला: संरक्षित जात टेकडीवर आढळली नाही, कपाटात मात्र सुखरूप आहे.

वाहनतळ प्रशस्त झालं. बढतीही झाली.

वाचकांना तिचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. तो ओसरायच्या आत त्यांनी एवढंच सांगावं, आपल्या फाटकापाशी जे झुडूप आहे, त्याच्या फुलाला पाकळ्या किती? रोज त्याला घासूनच गाडी बाहेर काढता, तेव्हा न बघता सांगायला हरकत नसावी.