तायडे काकांची उजळणी

आमच्या कॉलनीतले तायडे काका नमस्काराला नमस्कार करत नाहीत. ते प्रश्न विचारतात. सकाळी मी स्कूटी बाहेर काढते, तर हे फाटक धरून उभे.

"बाई, चार दिवसापयले काय सांगतलं होतं?"

काय सांगितलं होतं ते माझी इच्छा नसताना पाठ झालंय. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना लागणारी स्टेशनं. कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव. मला अकोल्याला जायचंच नसतं. माझं कॉलेजचं ऑफिस इथेच अमरावतीत आहे आणि तिथे पोचायला उशीर होत असतो. पण उत्तर ऐकल्याशिवाय काकांचा हात फाटकावरून निघत नाही.

एकदा सांगायचं, दुसऱ्या दिवशी विचारायचं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, असा त्यांचा नेम. दूधवाल्याला त्यांनी नक्षत्रं लावून दिली होती. तो बिचारा मघा आणि पूर्वा यांच्यात रोज अडकायचा. शेवटी काका झोपेत असतानाच दूध टाकून पळू लागला. कहर म्हणजे शेजारच्या देशमुखांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो, तर काका हळूच माझ्याकडे सरकले आणि कुजबुजले, "काटेपूर्णाच्या पयले कोणतं?"

मूर्तिजापूर, मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"पाहा," काका म्हणाले, "बसला खिळा. लोक एकाच दिवशी शंभरदा घोकतात. लगोलग इचारून काई फायदा नाई. इसरायले आलं की मंग इचारा. डोक्शाले जरा तरास झाला पायजे."

काका वीज खात्यात लाइनमन होते. बार्शीटाकळीकडे चौतीस वर्षं खांबावर चढले. त्यामुळे मेंदूबद्दल बोलतानाही त्यांची भाषा खांबावरचीच. आणि मेंदूबद्दल ते बोलतात फार, कारण घरात कमलकाकू आहेत.

दोन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला. हात-पाय सुधारले, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "हाव", म्हणजे हो. भाजीवाल्याने वांगी देऊ का म्हटलं तरी हाव, नको का म्हटलं तरी हाव. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढे आशा धरू नका. काका तिथेच ताडकन उठले होते म्हणे. "एक लाइन तुटली म्हून गाव अंधारात ठेवाचं काय? दुसऱ्या फीडरवरून सप्लाय देता येते, साहेब!"

देशमुखांच्या घरच्या त्या प्रसंगानंतर मात्र मी भांडायच्या तयारीनेच काकांकडे गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर निळ्या पेनाच्या खुणा: दूधवाला, इस्त्रीवाला, मी. खाली लाल पेनाने: पाणी, चूल, ताट, दार. तेही एक दिवसाने, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी.

"लाल म्हंजे तुमची काकू," काका म्हणाले. "किती दिवस सोडून इचारलं तं टिकते, हे तुमच्यावर पाहून घेतलं. लाइनले हात लावाच्या पयले टेस्टर लावाच लागते."

म्हणजे मी टेस्टर! मी भांडायला तोंड उघडलं, तोच काकूंनी माझ्यासमोर पेला सरकवला आणि सावकाश म्हणाल्या, "पाणी."

पुढच्या तपासणीला मीच त्यांना आमच्या गाडीतून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी काकूंना घड्याळ दाखवलं, चमचा दाखवला. काकूंनी दोन्ही सांगितलं. डॉक्टर खूश झाले. मग काकांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यांचं नाव काय?"

काकू गप्प. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

"थे फुली खोडा," काका म्हणाले.

"काका, त्यांना जवळच्या माणसाचं नाव..." डॉक्टर समजावू लागले.

"लगन झालं तवापासून तिनं माह्यं नाव घेतलंच नाई. आमच्यात बायका घेतच नाई. जे तोंडात कधी गेलं नाई, ते बाहीर काहून येईन? पेपर चुकला तुमचा!"

डॉक्टरांनी फुली खोडली. काका जिंकले होते, पण परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर गेलं तरी मला प्रश्न नाही. मग खिडकीबाहेर पाहत पुटपुटले, "एकदा घेतलं होतं. लग्नात, उखाण्यात."

तो उखाणा असा: ज्वारीची भाकर फुगली टम्म, देवरावाचं नाव घेते, धरा थोडा दम. मांडव हसून लोटपोट झाला होता आणि नवरदेव दोन दिवस फुगून बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून काका स्वयंपाकघरात. काकूंचे हात भाकर थापायला कधीच विसरले नव्हते. काकू थापायच्या, काका शेजारी पाटावर बसून पहिली ओळ म्हणायचे आणि थांबायचे. काकू नुसत्या हसायच्या, पुढची ओळ काही येत नव्हती. एक दिवसाने नाही, चार दिवसांनी नाही, पंधरा दिवसांनी नाही. कॅलेंडरची पानं उलटत गेली. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, बाबा, आता पुरे करा. काकांनी त्याला स्टेशनं विचारली आणि फोन ठेवला.

मागच्या रविवारी मी ताक द्यायला गेले. पंधरा दिवसांच्या खुणेला अजून दोन दिवस होते, म्हणून काका गप्प बसून शेंगा सोलत होते. काकूंनी भाकर निखाऱ्यावर टाकली. ती फुगली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या, आणि बोलण्यापेक्षा गाण्याच्या चालीवर म्हणाल्या,

"टम्म... देवरावाचं नाव घेते... धरा थोडा दम."

काकांच्या हातातल्या शेंगा खाली गेल्या. भाकर करपू लागली, कुणी काढली नाही.

"अजून एक डाव म्हण वं," काका म्हणाले.

काकूंनी म्हटलं.

"अजून एक डाव."

मला राहवलं नाही. "काका, लगोलग विचारून काही फायदा नसतो ना?"

"तुमी चूप बसा, बाई," डोळे पुसत काका माझ्यावर खेकसले, आणि काकूंकडे वळून म्हणाले, "म्हण वं, अजून एक डाव."