सातवी ब विरुद्ध हिरवळ

नागरिकशास्त्राच्या तासाला सातवी ब झोपते, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं हा विषय शिकवताना झोपेचे सगळे प्रकार त्यांनी पाहिले होते. हनुवटीला हात लावून घेतलेली झोप, पुस्तक उभं धरून घेतलेली झोप आणि सर्वांत कसबी म्हणजे उघड्या डोळ्यांची झोप. इतर धड्यांना बाई कानाडोळा करत. पण देशाचं सर्वोच्च न्यायालय हा धडा आला, की त्यांच्या अंगात वेगळंच वारं शिरे. हा धडा कुणी झोपेत ऐकलेला त्यांना खपत नसे.

म्हणून त्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यासमोर पाच खुर्च्या मांडल्या.

"हे खंडपीठ. न्यायमूर्ती पाच. का पाच?"

"खुर्च्या तेवढ्याच आहेत म्हणून," मागून कुणीतरी म्हणालं.

"विषम आकडा, बाळा. मतं फुटली तरी निकाल लागायला हवा."

मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्यांनी वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी बसवली. तिला सगळे चिमणी म्हणत. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण बसल्या बसल्या तिची मान अशी ताठ झाली की शेजारच्या न्यायमूर्तींनी घाईघाईने शर्टाची बटणं लावली. टोकाच्या खुर्चीवर पणपण बसला. कुणी काहीही म्हटलं की हा मुलगा "पण" म्हणून सुरुवात करी, आणि तेच न्यायमूर्तीला लागतं असं बाईंचं मत होतं.

"आता खटला," बाई म्हणाल्या. "समजा, एका राजाने हुकूम काढला..."

"राजा नको बाई," चिमणी म्हणाली. "खराच खटला घ्या ना. मैदानाचा."

वर्ग खाडकन जागा झाला.

मैदानाचं दुखणं जुनं होतं. चार महिन्यांपूर्वी तिथे हिरवळ लावली गेली, भोवती दोरी बांधली गेली आणि मुख्याध्यापकांच्या हुकुमावरून मैदान बंद झालं. किती दिवस, ते कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत चारशे मुलं व्हरांड्यात एकामागे एक, भिंतीला खेटून चालत. पळायचं नाही, ओरडायचं नाही. बाईंना ते बघवत नसे. खेळायच्या वयाची पोरं अशी रांगेत चालताना पाहिली की त्या डबा तसाच मिटून ठेवत. तरी चार महिने त्या गप्प बसल्या होत्या, आणि तेही त्यांना सलत होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही बाजू ऐकायच्या. मुख्याध्यापकांच्या बाजूने कोण बोलणार?"

कुणी हात वर करेना. शेवटी बाईंनी तोफेला उभं केलं. या मुलाचा आवाज तीन वर्ग ओलांडून जाई. त्याने छातीवर हात ठेवून मुख्याध्यापकांची बाजू मांडली. गवत कोवळं आहे, मुलं दांडगी आहेत, आणि "माझे अशील स्वभावाने तापट असले तरी मनाने वाईट नाहीत," हेही त्याने ठासून सांगितलं. खंडपीठाने आपसात कुजबुज केली. चार विरुद्ध एक असा निकाल लागला: मैदान मुलांसाठी आहे; कोणतंही कारण न देता आणि मुदत न घालता ते बंद ठेवता येणार नाही, हुकूम रद्द. विरोधात एकटा पणपण. त्याच्या मते गवताला स्वतःचा वकील मिळालाच नव्हता.

"शाबास! हे भिन्न मत. तेही निकालात लिहायचं, पुसायचं नाही," बाई खुशीत म्हणाल्या. "आणि लक्षात ठेवा, निकाल हवेत राहत नाही. तो लेखी असतो, खाली सह्या असतात, आणि ज्यांना लागू आहे त्या प्रत्येकापर्यंत तो पोचवावा लागतो."

एवढं सांगून त्या फळ्याकडे वळल्या आणि न्यायालयांची उतरंड काढू लागल्या.

नेमकी त्याच वेळी सूचनावही आली होती. या शाळेत सूचना वहीत लिहिली जाई आणि वही वर्गावर्गांतून फिरे. फिरवायचं काम शिपाईमामांचं. मामा दारात उभे राहून सूचना मोठ्याने वाचत, शिक्षक वहीत सही करत, वही पुढे जाई. मामांनी वाचायचं, शिक्षकांनी सही करायची, आणि सूचना काय आहे हे कुणीच मनावर घ्यायचं नाही, अशी वीस वर्षांची घडी बसलेली होती. फेरी सातवी ब पासून सुरू होई. मामांनी वजन-उंचीच्या तपासणीची सूचना वाचली, बाईंनी पाठमोऱ्याच "ठेवा तिथे, करते सही" म्हटलं, आणि मामा पाणी प्यायला गेले.

वर्गातल्या सुवाच्य अक्षराच्या मुलीला मात्र बाईंचा शब्द न् शब्द पटला होता. लेखी, सह्यांसह, प्रत्येकापर्यंत. समोर वही होती. तिने वजन-उंचीच्या खाली निकाल उतरवला, पणपणच्या गवतासकट. पाच न्यायमूर्तींनी सह्या केल्या. बाई वळल्या आणि त्यांनीही केली, न वाचता. मामा आले, वही घेऊन गेले.

मग मामा ती वही वाचत पुढच्या सगळ्या वर्गांतून फिरले. "मैदानबंदीचा हुकूम रद्द करण्यात येत आहे," हे वाक्य त्यांनी "उद्या सर्वांनी मोजे घालून यावे" याच सुरात वाचलं. एका वर्गात कुणी ओरडलं, "मामा, परत वाचा!" मामांनी परत वाचलं. अकरा शिक्षकांनी सह्या केल्या. शेवटी वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली. ते फोनवर होते. त्यांनी फोन खांद्यात धरून लफ्फेदार सही ठोकली आणि वर शिक्काही मारला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि चारशे मुलं मैदानात उतरली. दोरी कुणी तोडली नाही. मुलांनी ती नीट सोडली, गुंडाळली आणि उड्या मारायला वापरली.

पाचव्या मिनिटाला मुख्याध्यापक वही हातात घेऊन बाईंसमोर उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाई, हे काय आहे?"

बाईंनी निकाल वाचला आणि खाली स्वतःची सही पाहिली. मग त्यांनी आणखी खाली पाहिलं.

"सर, खाली तुमची सही आहे."

"ते मला दिसतंय! न वाचता केली मी."

"मीही न वाचताच केली. आपण दोघं एकाच माळेचे मणी."

"मला ते काही माहीत नाही. आत्ता वर्गात जा आणि सांगा, हा सगळा खेळ होता. न्यायालय खोटं, निकाल खोटा. मैदान बंद."

एकतीस वर्षांत बाईंनी वरिष्ठांना नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सुट्टीत जादा तास घ्या, हो. तपासणीचे तक्ते तुम्हीच करा, हो. पण आज त्यांच्या डोळ्यांसमोर ती ताठ मान येत होती. या पोरांना एकदा 'खोटं होतं' म्हणून सांगितलं, की पुढे जन्मभर ती कुठल्याही न्यायाला खोटंच म्हणतील.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाही सांगणार, सर. माझ्यावर काय ती कारवाई करा. पण सकाळी शिकवलेलं दुपारी पुसायला मी खडू नाही घेणार." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "निकाल मान्य नसेल तर त्यालाही मार्ग आहे. पुनर्विचार याचिका. त्याच न्यायालयात. मधल्या सुट्टीनंतर माझाच तास आहे."

मुख्याध्यापकांनी वही उघडली आणि परत मिटली. बाहेर मैदानावर चारशे मुलं होती आणि हातातल्या वहीत त्यांची स्वतःची सही होती. आरडाओरडा केला तर आपण सही न वाचता करतो हे गावभर होणार. सातवी ब ला गुंडाळणं त्यापेक्षा सोपं, असा त्यांनी हिशेब केला.

सुट्टी संपल्यावर ते वर्गात आले आणि सरळ बाईंच्या खुर्चीकडे निघाले.

"याचिकाकर्ते तिकडे," चिमणी बारीक आवाजात म्हणाली.

मुख्याध्यापक पहिल्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात.

"उभं राहून बोलायचं असतं," दुसऱ्या न्यायमूर्तींनी सुचवलं.

ते उभे राहिले. "माझी पहिली हरकत ही," ते म्हणाले, "की माझी बाजू कोणी मांडली?"

"मी!" तोफ धडाडली.

"तू? तुला मी याच महिन्यात तीनदा वर्गाबाहेर उभं केलंय!"

"ते मी कोर्टात काढलं नाही सर. अशिलाचं गुपित."

वर्ग खदखदला. चिमणीने टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ खंडपीठावर बसली आणि न्यायालय थोडा वेळ शिंकत राहिलं.

"आधी जे सांगायचं राहिलं तेवढंच सांगा," ती डोळे चोळत म्हणाली.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. हिरवळीला खर्च झालाय, शाळेची शोभा वाढलीय, शिस्त लागलीय, असं ते बरंच बोलले. बोलता बोलता त्यांचा नेहमीचा आवाज परत आला, आणि दोन न्यायमूर्ती सवयीने हाताची घडी घालून बसले.

"पण सर," टोकाच्या खुर्चीवरून पणपण म्हणाला, "हुकूम तुमचाच आहे ना?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे मैदान बंद करायचं, हे तुमच्या मनात आलं?"

"संस्थेच्या अध्यक्षांचा आदेश आहे."

"लेखी?"

"फोनवर."

"पण किती दिवसांसाठी?"

"ते... ते मी विचारलं नाही."

"कारण?"

"तेही नाही विचारलं."

"पण का नाही विचारलं?"

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वरच्यांना विचारत नाहीत रे, बाळा," ते म्हणाले. आपण हे मोठ्याने बोललो, हे त्यांना मागाहून कळलं.

वर्गात कुणी हसलं नाही. बाई खाली मान घालून हजेरीपट उगाच चाळत राहिल्या. ते वाक्य त्यांचंही होतं.

खंडपीठाने डोकी एकत्र केली. या वेळी कुजबुज लांबली. मग चिमणी म्हणाली, "पहिला निकाल कायम. ज्या हुकमाला कागद नाही, कारण नाही आणि मुदत नाही, तो आम्ही हुकूम मानत नाही. चार विरुद्ध एक."

"गवताला एक कोपरा द्यावा," पणपणने भिन्न मत नोंदवलं.

एवढ्यात मुख्याध्यापकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप शर्टाची कॉलर सारखी करू लागला. अध्यक्षांचा होता. मैदानाची बातमी पोचली होती.

"हो साहेब... हो, खरंय. मुलं होती मैदानावर." पलीकडचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. मुख्याध्यापक नेहमीसारखे वाकले. मग त्यांचं लक्ष समोरच्या पाच खुर्च्यांकडे गेलं आणि ते हळूहळू सरळ झाले.

"नाही साहेब, चूक झाली असं नाही म्हणणार मी... माझं एक म्हणणं आहे. तो मैदानाचा आदेश जरा लेखी पाठवता का? कारण काय आणि किती दिवसांसाठी, तेही लिहा... नाही, तोवर मैदान उघडं राहील... कोण म्हणतंय? मी म्हणतोय."

फोन बंद झाला. तो पलीकडूनच बंद झाला होता. मुख्याध्यापकांनी रुमालाने कपाळ पुसलं. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी आज पहिल्यांदा कुणाकडे कागद मागितला होता.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी बसू का जरा?"

"मला काय विचारता, सर?" बाईंनी खंडपीठाकडे बोट केलं.

चिमणीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि खुर्चीवरून खाली उडी मारून आपलीच खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. निकाल एकमताने झाला.