डॉक्टरसाहेबांची बदली

दामजीबाबा मेलेल्या माणसांची ओळख ती शेजारच्या खोलीत बसल्यासारखी करून देतात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेलो, तेव्हा फाटकातच ते हलक्या आवाजात म्हणाले, "सर, चपला वाजाडू नका. मोठ्या बाई आराम करी ऱ्हायन्यात." मी चवड्यांवर चालू लागलो. दहा पावलं गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मुलींच्या शाळेच्या या मोठ्या बाई माझ्या जन्माआधीच गेल्या आहेत. तरी मी तसाच चालत राहिलो, कारण बाबा मागे वळून बघत होते.

नंदुरबारच्या कडेला ही जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. दगडांवरची अक्षरं उन्हापावसानं केव्हाच पुसली गेली. कोण कुठे आहे हे फक्त दामजीबाबांना ठाऊक, कारण आधीच्या म्हाताऱ्या रखवालदारानं मरण्यापूर्वी त्यांना एकेक कबर दाखवून ठेवली होती. बाबा स्वतः ख्रिस्ती नाहीत. तळोद्याच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते, निवृत्त होऊन इथे लेकीकडे राहायला आले, आणि घरासमोर एवढी जागा झाडायची राहिलेली बघून त्यांना चैन पडेना. कुणी सांगितलं नाही, कुणी पगार देत नाही. रोज सकाळी खराटा घेऊन हजर.

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी समिती काढून ठरवलं की इथल्या आठ नामवंतांच्या कबरींवर ग्रॅनाइटच्या पाट्या बसवायच्या, तेव्हा कोणाची कबर कोणती हे नक्की करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. पाट्या सिमेंटात पक्क्या बसणार, म्हणून चूक चालणार नव्हती. मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

पहिल्या दिवशी बाबांनी डॉक्टरसाहेब दाखवले. घोड्यावरून सातपुड्यात जाऊन हिवतापाच्या गोळ्या वाटणारे. मी वहीत लिहिलं: पहिली ओळ, तिसरी कबर. पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांची सहल आली, झेंडूचा हार घेऊन. बाबा त्यांना थेट चौथ्या ओळीत भिंतीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "हाई डॉक्टरसाहेब." मुलांनी हार घातला.

मी वही उघडून बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, डॉक्टरसाहेब पहिल्या ओळीत होते ना?"

"व्हतात," बाबा शांतपणे म्हणाले. "त्यासनी बदली व्हयनी."

"कबरीतून?"

"कसाले नही? तळोदाना हाफिसमा मी जलमभर शिपाई व्हतू. जो साहेब उना, तो बदली करीसन गया. एक बी टिकना नही."

आमच्या जिल्ह्यात साहेब टिकत नाहीत हे खरंच आहे. पण जिवंत साहेब.

मग बदल्यांचा हंगामच सुरू झाला. वाफेचं इंजिन चालवणारे ड्रायवरसाहेब दुसऱ्या ओळीतून कोपऱ्यातल्या बोरीखाली गेले. मोठ्या बाई एका महिन्यात तीनदा हलल्या. मी नकाशा काढला, त्यावर लाल शाईनं दुरुस्ती केली, दुरुस्तीवर हिरव्या शाईनं. घरी जेवायच्या चटईवर नकाशा पसरून बसलो की बायको म्हणायची, "जन्मभर पानिपतावर कोण कुठे पडलं ते सांगितलंत, आणि आठ कबरी सापडेनात?" मला स्वतःलाच कळत नव्हतं की म्हातारा विसरतोय की मी.

कळस झाला तो एका वार्ताहरानं डॉक्टरसाहेबांच्या कबरीचा फोटो छापला तेव्हा. फोटोतली हार घातलेली कबर जेमतेम तीन फूट लांब. मी वर्तमानपत्र घेऊन बाबांकडे गेलो.

"डॉक्टरसाहेब सहा फूट उंच होते, असं तुम्हीच सांगितलं होतं."

बाबांनी फोटो लांब धरून पाहिला. "म्हातारपनमा मानूस आखूड व्हस," ते म्हणाले आणि खराट्याची दोरी आवळू लागले.

समितीची बैठक सोमवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी भुसावळहून एक वयस्क बाई आल्या. ड्रायवरसाहेबांची नात. आता ही बिचारी कुठे जाऊन रडणार, म्हणून मी नकाशा शोधू लागलो. पण बाबा सरळ दुसऱ्या ओळीत गेले, खांद्यावरच्या रुमालानं दगड पुसला आणि म्हणाले, "हाई तुम्हना आजोबा." ड्रायवरसाहेबांची म्हणून मला सगळ्यात आधी दाखवलेली तीच कबर.

बाई गेल्यावर मी बाबांना धरलं. "म्हणजे तुम्हाला सगळं नीट आठवतंय."

"नातलगले खोटं सांगानं नही, सर," ते म्हणाले. "बाकीना लोकेसकरता मी कबरेसनी पाळी लावेल शे. जो येस तो डॉक्टरले इचारस, बाईले इचारस. बाकीना कबरेसकडे कोन्ही दखस नही. ती फोटोमानी तीन फुटनी पोर शे, तिन्हं नाव बी कोनले माहीत नही. एक हार तिले भेटना तर डॉक्टरसाहेबनं काय कमी व्हयनं?" मग म्हणाले, "सिमेंट लागनं का मंग कोन्हीच हालाव नही."

मी चिडलो. महिनाभर मला खुळ्यासारखं फिरवलं होतं. इतिहास म्हणजे संगीत खुर्ची नव्हे, असं बरंच काही बोललो. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले, साहेब रागावल्यावर शिपाई उभा राहतो तसे. शेवटी मी दमलो आणि विचारलं, "हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

"मन्ही माय नर्मदाकाठे मणिबेलीले शे," ते म्हणाले. "वावरना कडेले, मोहाना झाडखाले पुरेल शे. मंग धरणनं पानी उनं. वावर गयं, झाड गयं. दर साल मी नावमा जास. नाववाला इचारस, कोठे थांबाडू? मी काय सांगू, सर? सारं पानी सारखंच दिसस. मंग दर साल येगळी जागावर फूल टाकस. कधी ना कधी तिन्हावर पडी."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

बाबांनी खराटा भिंतीला टेकवला. "तुम्हनं काम अडी ऱ्हायनं. चला, खऱ्या जागा दखाडस." आणि एकामागून एक त्यांनी आठही जण दाखवले. मी लिहून घेतलं. प्रत्येक दगडापाशी ते वहीत डोकावून मी आकडा बरोबर घातला का ते बघत होते.

सोमवारी समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हं सर, कोण कुठे आहे?"

"नाही सांगता येत," मी म्हणालो. "अक्षरं पुसली आहेत, आणि म्हाताऱ्यालाही आता आठवत नाही. आठ नावांची एकच पाटी करा आणि फाटकावर लावा."

एवढी वर्षं इतिहास शिकवून मला आठ कबरी सांगता आल्या नाहीत, यावर सगळे मनसोक्त हसले. मीही हसलो. वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.